संगणकाच्या पेटींतील खेळती हवा

उन्हाळ्याचे दिवस आले म्हणजे घरोघरचे संगणक कुरकुरूं लागतात, हा अनुभव आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस असेल. सकाळीं निमूटपणें चालणारें यंत्र दुपारीं मंद होतें, त्यांतील पंखा घरघर आवाज करूं लागतो, आणि कधीं कधीं तर काम अर्धें झालें असतांना तें अकस्मात् बंद पडतें. अशा वेळीं ‘यंत्र जुनें झालें, आतां नवें घ्या’ असा सल्ला देणारे चहूंकडे भेटतात. परंतु मध्यम स्थितींतील कुटुंबानें पै पै साठवून घेतलेली वस्तु टाकून देण्यापूर्वीं तिची मूळ व्याधि कोणती, हें जाणून घेणें अगत्याचें आहे. पुष्कळ प्रसंगीं ही व्याधि वार्धक्याची नसून कोंडमाऱ्याची असते. हा कोंडमारा कशानें होतो व तो कसा दूर करावा, याचें विवेचन आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

ज्या उभ्या पेटीस आपल्याकडे कोणी ‘कॅबिनेट’ तर कोणी ‘सीपीयू’ म्हणतात, तिच्या आंत काय असतें तें प्रथम पाहूं. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा तळहातावर सहज मावेल एवढा एक चौकोनी तुकडा असून तो मदरबोर्ड नांवाच्या फळीवर बसविलेला असतो. खेळांसाठीं किंवा चित्रांच्या कामासाठीं घेतलेल्या यंत्रांत याखेरीज एक ग्राफिक्स कार्ड असतें. मागील अंगास, वर किंवा खालीं, पॉवर सप्लायची लहान पेटी असते. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. घरांतील वीज यंत्रास सोसेल अशी करून देणें हें तिचें काम. हे सर्व भाग विजेवर चालतात, आणि येथेंच पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची आहे. विहिरीवरील मोटार पाणी वर चढविते. तेथें विजेचा कांहीं भाग पाणी उचलण्याच्या कामीं खर्च होतो. संगणक मात्र कांहींच उचलीत नाहीं. तो गणितें सोडवितो, अक्षरें मांडतो, आणि घेतलेली जवळ जवळ सर्व वीज उष्णतेच्या रूपानें परत देतो. ३०० वॅट वीज घेणारी पेटी म्हणजे ३०० वॅटची एक लहानशी शेगडीच होय.

ही अडचण कांहीं आजची नव्हे. १९४६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत ‘एनिॲक’ नांवाचा जो प्रचंड संगणक लोकांपुढें ठेवण्यांत आला, त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्यास सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. त्या नळ्यांची उष्णता घालविण्याकरितां पंखे लावून हवा जोरानें खेळवावी लागत असे. आज त्याहून कितीतरी मोठें काम नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर होतें. यंत्र लहान झालें, वीजहि कमी लागूं लागली. परंतु उष्णता अगदीं थोड्या जागेंत एकवटली, आणि म्हणून तिला बाहेर काढण्याचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

या उष्णतेच्या प्रवासाचे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा प्रोसेसरापासून त्याच्यावर बसविलेल्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत. या ठोकळ्यास हीटसिंक म्हणतात. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांस कितीहि गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म खांचखळगे असतात व त्यांत हवा अडकून राहते. स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. तांबें तिच्यापेक्षां सुमारें पंधरा हजार पटींनीं चांगलें वाहक आहे. म्हणून त्या खळग्यांतील हवा घालवून देण्याकरितां दोहोंच्या मध्यें थर्मल पेस्ट नांवाचा पातळ लेप देतात. खळगे भरणें एवढाच या लेपाचा हेतु; तो जाड थापल्यास उपकाराऐवजीं अपकार होतो, कारण कोणताहि लेप तांब्याइतका चांगला वाहक नसतो. कांहीं वर्षांनीं तो वाळून कोरडा पडतो. तेव्हां जाणत्या मनुष्याकडून जुना पुसून नवा लावून घ्यावा.

दुसरा टप्पा हीटसिंकापासून हवेपर्यंत. हीटसिंकास पुस्तकाच्या पानांसारखे पुष्कळ पातळ पत्रे असतात, ते अशासाठीं कीं धातूचा अधिकांत अधिक पृष्ठभाग हवेस लागावा. एक लहान पंखा त्या पत्र्यांमधून हवा ढकलीत असतो. तिसरा टप्पा म्हणजे ही तापलेली हवा पेटीच्या बाहेर जाणें. पहिले दोन टप्पे कारखानदारानें बहुधा नीट साधलेले असतात. तिसरा मात्र पुष्कळ अंशीं आपल्या हातीं असतो, आणि नेमकें त्याकडेच आपलें दुर्लक्ष होतें.

येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा थंडी उत्पन्न करतो, असें पुष्कळजण समजतात. उकाड्यांत पंख्याखालीं बसल्यावर आपणांस गार वाटतें हें खरें. पण तें अंगावरील घाम वाऱ्यानें लवकर सुकतो म्हणून. प्रोसेसरास घाम येत नाहीं. त्याच्या बाबतींत पंखा एवढेंच करतो कीं, तापलेली हवा दूर नेतो व तिच्या जागीं कमी तापलेली हवा आणतो. आणि ही नवी हवा खोलींतलीच असते. म्हणून पंखे कितीहि लावले तरी प्रोसेसर खोलीपेक्षां थंड होणें शक्य नाहीं. खोलीच्या वर त्यानें किती चढावें, एवढेंच पंख्याच्या हातीं आहे.

याचें एक साधें गणित मांडून पाहूं. एखादें यंत्र अमुक एक काम करीत असतां खोलीपेक्षां ४५ अंश सेल्सिअस अधिक तापतें असें धरा. हिवाळ्यांत २२ अंशांच्या खोलींत तें ६७ अंशांवर राहील. तेंच काम वैशाखांत ४० अंशांच्या खोलींत केल्यास तें ८५ अंशांवर जाईल. आजच्या टेबलावरील संगणकांपैकीं पुष्कळांच्या प्रोसेसराची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास ठेवलेली असते. ती गांठली गेली कीं प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ आपली गति कमी करतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्र बंद होतें. आतां धुळीनें व कोंडमाऱ्यानें ४५ चे ६० अंश झाले, तर हिवाळ्यांत ते कोणाच्या लक्षांतहि येत नाहींत, कारण बेरीज ८२ च होते. वैशाखांत मात्र तीच बेरीज शंभर भरते. हिवाळ्यांत निर्दोष भासणारें यंत्र उन्हाळ्यांत एकाएकीं आजारी कां पडतें, याचें रहस्य हें आहे. दोष एका दिवसांत उत्पन्न झालेला नसतो. ऋतूनें तो केवळ उघड केलेला असतो.

बेरजेनंतर थोडा गुणाकार करूं. एक लिटर हवेचें तापमान एक अंशानें वाढविण्यास सुमारें १.२ ज्यूल उष्णता लागते, आणि एक वॅट म्हणजे दर सेकंदास एक ज्यूल. आपल्या ३०० वॅटच्या पेटींतून दर सेकंदास २५ लिटर हवा आरपार जात असेल, तर बाहेर पडणारी हवा आंत येणाऱ्या हवेपेक्षां १० अंशांनीं अधिक तापलेली असेल. कारण २५ × १.२ × १० = ३००. हवा निम्मी झाली तर ही वाढ २० अंश होईल, आणि चतुर्थांश झाली तर ४० अंश. उलट पक्षीं हवा २५ ची ५० लिटर केली, तर वाढ १० वरून ५ अंशांवर येईल; म्हणजे लाभ ५ अंशांचा. ती पुन्हां दुप्पट करून १०० लिटर केली, तर आणखी अडीच अंशांचाच लाभ. या गुणाकारांतच आमच्या लेखाचें सार आहे. कोंडलेली वाट मोकळी करण्यांत मोठा लाभ आहे. मोकळ्या वाटेवर पंख्यांची रांग लावण्यांत फार थोडा. म्हणून नवा पंखा विकत घेण्यापूर्वीं आहे त्या हवेची वाट तपासावी.

वाट म्हटली म्हणजे तिला दोन दारें हवींत. एकच खिडकी असलेल्या खोलींत, बाहेर वारा सुटला असला तरी आंत कागद हलत नाहीं. समोरची खिडकी उघडतांच वारा खेळूं लागतो. चुलीवर धुराडें असलें तरी दारें-खिडक्या गच्च लावून घेतल्यास धूर नीट वर ओढला जात नाहीं. येण्याचा मार्ग नसेल तर जाण्याचा मार्ग व्यर्थ, आणि जाण्याचा नसेल तर येण्याचा व्यर्थ. ॲपल कंपनीनें १९८० सालीं ‘ॲपल थ्री’ हा संगणक पंख्यावांचून बाजारांत आणला. उष्णता घालविण्याचें काम मुख्यतः त्याच्या ॲल्युमिनियमच्या बैठकीवर सोंपविलेलें होतें. तापण्याच्या व बिघडण्याच्या तक्रारींनीं तें यंत्र गाजलें. त्याच कंपनीच्या २००० सालच्या ‘क्यूब’ नांवाच्या चौकोनी संगणकांतहि पंखा नव्हता; परंतु त्याच्या मधोमध धुराड्यासारखी उभी पोकळी ठेवून खालून हवा घ्यावी व वरून सोडावी अशी योजना होती. तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर जाते, या नियमाचा तो उपयोग होय. पंखा दोहोंतहि नव्हता. भेद होता तो वाटेचा.

वाटेची दिशाहि तितकीच महत्त्वाची. इंटेल कंपनीनें १९९५ सालीं मदरबोर्ड व पेटी यांचा ‘एटीएक्स’ नांवाचा जो नमुना प्रसिद्ध केला, त्यांत आरंभीं अशी कल्पना होती कीं, पॉवर सप्लायच्या पंख्यानें बाहेरची हवा आंत ओढावी व ती प्रोसेसरावर सोडावी. परंतु ती हवा पॉवर सप्लायमधून येतांनाच तापलेली असे. एकानें वापरलेली हवा दुसऱ्यास उपयोगी पडेना. पुढें ही दिशा उलटविण्यांत आली, आणि पंखा पेटींतील हवा बाहेर टाकूं लागला. अलीकडील पुष्कळ पेट्यांत पॉवर सप्लाय तळाशीं असून तो खालून स्वतःपुरती निराळी हवा घेतो व मागें सोडतो. यासाठींच अशी पेटी जाड गालिच्यावर किंवा गोधडीवर ठेवूं नये. तळाची जाळी झांकली जाते.

तेव्हां घरच्या पेटींत हवेचा प्रवाह कसा असावा ? आंत येण्याचा मार्ग पुढून व खालून, बाहेर जाण्याचा मागून व वरून. साध्या कामाच्या यंत्रास पुढें एक व मागें एक पंखा पुरतो. ग्राफिक्स कार्ड असल्यास पुढें दोन असावे. १२० किंवा १४० मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरूनहि लहान पंख्याइतकी हवा हलवितो व आवाज कमी करतो. पंखा कोणीकडे वारा टाकतो हें ओळखण्याची खूण अशी कीं, ज्या बाजूस मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूनें बहुधा हवा बाहेर पडते. शंका असल्यास पातळ कागदाची पट्टी पेटीच्या बाहेरून जाळीजवळ धरावी. ती जाळीस चिकटली तर हवा आंत जात आहे, व उडाली तर बाहेर येत आहे. पुढचे व मागचे दोन्ही पंखे आंतच हवा टाकीत असलेलीं, किंवा दोन्ही बाहेरच टाकीत असलेलीं यंत्रें पाहावयास मिळतात. तेथें एक पंखा उलटा बसवून घेतला कीं काम होतें.

पुढच्या जाळीस धूळ गाळणारें बारीक कापड किंवा चाळणी असेल, तर आंत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षां किंचित् अधिक ठेवावी. असें केल्यानें पेटीच्या फटींतून हवा बाहेरच पडते, आणि धुळीस चाळणीवांचून दुसरें दार उरत नाहीं. मागील बाजूच्या रिकाम्या खांचांवरील पत्र्याचीं झांकणें हरवलीं असल्यास बसवून घ्यावीं. आंतील तारांचे जुडगे पुढील पंख्यासमोर लोंबत असतील तर ते एका बाजूस बांधून घ्यावे. या कामांस फारसा खर्च नाहीं; केवळ निगुतीची आवश्यकता आहे.

कधीं कधीं पेटींतील वाट निर्दोष असून पेटीबाहेरची वाट कोंडलेली असते. एका पालकांनीं आम्हांस सांगितलें कीं, त्यांच्या मुलाचा संगणक दुपारच्या अभ्यासाच्या वेळीं हटकून बंद पडतो, आणि दुकानांतून नवीन यंत्र घेण्याचा सल्ला मिळाला आहे. ‘पेटी कोठें ठेवली आहे ?’ असें आम्हीं विचारतां, ती टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यांत, धूळ लागूं नये म्हणून, दार लावून ठेवलेली असते असें समजलें. त्या यंत्रास स्वतःचाच उच्छ्वास पुन्हां श्वास म्हणून घ्यावा लागत होता. मागून टाकलेली तप्त हवा कप्प्यांतून फिरून पुढून आंत येई, आणि प्रत्येक फेऱ्यास अधिक तापे. पेटी कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवल्यावर बंद पडण्याचा प्रकार थांबला. ज्या काळजीनें त्या गृहस्थांनीं दार लावलें होतें, ती काळजी योग्यच होती; तिला केवळ दिशा हवी होती.

येथें कोणी विचारील कीं, पेटीची बाजूची झडपच काढून ठेवली व टेबलपंखा आंत रोखला तर काय वाईट ? अशानें तापमान कांहीं वेळां उतरतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तसें उतरलें, तर तें पेटींतील वाट कोंडली असल्याचेंच चिन्ह समजावें, आणि वाट दुरुस्त करावी. उघड्या पेटींत पुढून मागें वाहणारा प्रवाह मोडतो, धूळ चाळणीवांचून थेट आंत शिरते, आणि घरांतील लहान मुलांचीं बोटें फिरत्या पात्यांपर्यंत पोहोंचतात. तपासणीपुरती झडप काढावी. संवय म्हणून काढूं नये. त्याचप्रमाणें पाण्याच्या कूलरचा झोत संगणकावर सरळ येऊं देऊं नये, कारण त्यांतून कधीं कधीं पाण्याचे तुषार उडतात.

आतां धुळीविषयीं. आपल्याकडील रस्त्यांची व शेतांची धूळ, कापडाचे तंतु आणि केंस यांचा एक थर हीटसिंकाच्या पत्र्यांवर घोंगडीसारखा बसतो. तेव्हां पंखा फिरत असतो, आवाजहि करीत असतो, परंतु पत्र्यांमधून हवा जात नाहीं. पावसाळा संपल्यावर एकदां व उन्हाळ्यापूर्वीं एकदां अशी वर्षांतून दोन वेळां सफाई करावी. ती मोठ्या मनुष्याच्या देखत करावी, आणि पुढील क्रम सोडूं नये. प्रथम यंत्र बंद करून भिंतीवरील खटका बंद करावा व तार काढून घ्यावी. पेटी अंगणांत किंवा गच्चीवर न्यावी. आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या रंग नसलेल्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाईल. मऊ, कोरड्या कुंचल्यानें धूळ सैल करावी व हवेच्या फुंकाऱ्यानें उडवावी. फुंकारा मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं; तीं भलत्या वेगानें फिरल्यास पंखा बिघडतो. ओलें फडकें वापरूं नये. पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणीहि घरीं उघडूं नये. तार काढल्यावरहि तिच्यांत कांहीं काळ धोकादायक वीज साठून राहते.

पेटींतून हवा बाहेर काढली म्हणजे उष्णता नाहींशी झाली असें नव्हे. ती खोलींत आली. शाळेच्या संगणकवर्गांत प्रत्येकीं १०० वॅट घेणारीं वीस यंत्रें चालत असतील, तर तेथें २,००० वॅटची शेगडी पेटलेली आहे असें समजावें. शिवाय मुलांच्या अंगची उष्णता निराळीच. अशा वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या धुळीच्या भयानें कायम बंद ठेवल्या, तर पेटीच्या बाबतींत जें घडतें तेंच खोलीच्या बाबतींत घडतें. सकाळची गार हवा आंत घ्यावी, ऊन येणाऱ्या बाजूस पडदा लावावा, आणि एखादा पंखा तप्त हवा बाहेर टाकण्यासाठीं उंचावर बसवावा. पेटी ही एक लहान खोली आहे आणि खोली ही एक मोठी पेटी आहे; नियम दोहोंस एकच.

विद्यार्थिमित्रहो, या लेखांतील कोणतीहि गोष्ट आम्ही सांगितली म्हणून मान्य करूं नका, मोजून पाहा. प्रोसेसराचें तापमान दाखविणारे साधे प्रोग्राम सहज मिळतात. एका वहींत तीन रकाने पाडा : खोलीचें तापमान, प्रोसेसराचें तापमान, आणि त्या दोहोंतील अंतर. तिसरा रकाना हीच यंत्राची खरी नाडी. एकच काम वीस मिनिटें चालू ठेवून मोजा. मग एका वेळीं एकच बदल करा, म्हणजे आज जागा बदला, उद्यां तारा बांधा, परवां धूळ काढा, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हां मोजा. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा हें कळणार नाहीं. अंतर मुळांतच थोडें असून यंत्र मंद चालत असेल, तर व्याधि उष्णतेची नाहीं. जुनी हार्ड डिस्क किंवा अपुरी मेमरी यांकडे वळावें. आणि वाट मोकळी करूनहि अंतर घटत नसेल, तरच लेप, पंखा किंवा नवें यंत्र यांवर पैसा खर्च करण्याचा विचार करावा. पालकांनीं खरेदीपूर्वीं ही वही एकदां मागवून पाहावी, आणि विद्यार्थ्यांनीं ती दाखवितां येईल अशी स्वच्छ ठेवावी, एवढीच आमची उभयतांस विनंति आहे.